चौथ्या कप्प्यातलं गवत

५ मार्च

आज जेवण झाल्यावर हात धुता धुता सासऱ्यांनी सांगून टाकलं, "यापुढे कुरणाचं काम धाकटी बघेल." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या सहज. मी भांडी गोळा करत होते. हातातला पेला पडला नाही, एवढंच काय ते नशीब.

एकोणीस वर्षं हे कुरण मी सांभाळलं. या घरात आले तेव्हा मला गवत आणि तण यांतला फरक कळत नव्हता. माहेरी कापडाचं दुकान, हिरवा रंग बघितला तो ताग्यातच. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला कुरणात उकिडवं बसवलं आणि गवताचं पातं दाताखाली धरायला लावलं. "गोड लागलं की जनावर सोडायचं. कडू लागलं की थांबायचं." सासूबाई गेल्यापासून तर रोज सकाळी मी आणि ते. "बाबा, हे बघा बरं," म्हणायचं आणि त्यांनी वाकून बघायचं. नऊ घोडे, अकरा गाई, तेवीस एकर. कोण कुठे चरतं हे मी झोपेतही सांगेन.

आणि धाकट्या दिराची बायको येऊन झाले सात महिने. कानामागून आली आणि तिखट झाली.

६ मार्च

यांना सांगितलं. हे घोड्यांना नाल मारतात, दिवसभर वाकलेले असतात, म्हणून सगळ्या गोष्टी यांना खालून दिसतात. म्हणाले, "अगं, बरं झालं की. तुझे गुडघे दुखतात म्हणत होतीस."

गुडघे दुखतात असं मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं. एकदा. नेमकं तेवढंच लक्षात राहिलं यांच्या.

१४ मार्च

स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या लोणच्याच्या बरण्या असतात. आज तिथे मातीच्या सहा बाटल्या उभ्या. धाकटीने कुरणातली माती आणून पाण्यात घोळली आहे. वाळू खाली बसते, गाळ मध्ये, चिकणमाती वर. "ताई, बघा ना, तिसऱ्या बाटलीत किती चिकणमाती आहे! म्हणून तिथे पाणी मुरत नाही." मी म्हटलं, "बाटली हलव आणि लोणचं दे."

लग्नाआधी ती गवताच्या बियाण्यावर काम करायची, एका मोठ्या शेतकी शाळेत. म्हणून आता कुरणाचे सात कप्पे होणार. मध्ये विजेची तार, शिवली तर झटका देणारी. एका कप्प्यात जनावरं चार-पाच दिवस, मग पुढच्या. मागचा कप्पा महिनाभर मोकळा, गवताला विश्रांती. गवत वीतभर झालं की जनावर सोडायचं, चार बोटं उरलं की काढायचं. ती हातात खुणा केलेली काठी घेऊन हिंडते, शिंप्यासारखी.

गवताला विश्रांती! मला एकोणीस वर्षांत मिळाली नाही ती.

हे खरं की गेली दोन-तीन वर्षं फाटकाजवळ चिखलच असतो आणि ओढ्याकडच्या भागाचं घोड्यांनी खरवडून टक्कल केलं आहे. पण कुरण म्हणजे काही दिवाणखान्यातला गालिचा नव्हे. जनावरं चरणार म्हटल्यावर झिजणारच.

संध्याकाळी ती वही घेऊन आली. "ताई, वारा सुटला की घोडे कुठल्या कोपऱ्यात उभे राहतात? पाण्याचे टब त्याच्या उलट बाजूला ठेवावे म्हणते." मी म्हटलं, "तू शिकलेली आहेस, आपलं आपण बघ." तिने वही मिटली. मग "बरं" म्हणून गेली. दार हळू लावलं. मला आपटलेलं आवडलं असतं.

२३ मार्च

ट्रॅक्टरची किल्ली सासऱ्यांच्या खिशात असायची. चाळीस वर्षं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. यांनी एकदा न विचारता फिरवला तर दोन दिवस अबोला. आज किल्ली धाकटीच्या कमरेला दिसली. "बाबांनी दिली," म्हणाली.

मला एकोणीस वर्षांत त्यांनी ट्रॅक्टरवर बसवलं ते एकदाच, पाय मोडला होता तेव्हा. तेही मागे.

२ एप्रिल

सासरे आणि धाकटी आज बियाणं आणायला शहरात गेले. सकाळी सातला गेले ते दिवेलागणीला आले. मी म्हटलं, बघू तरी काय आणलंय. एक पिशवी नाही. हात हलवत परत! विचारलं तर सासरे म्हणाले, "मनासारखं मिळालं नाही." आणि धाकटी पायातले बूट काढण्यात इतकी गुंग, जणू त्यांना शंभर बंद होते.

दिवसभर कुठे होते? काय खाल्लं? काय बोलले? मला काय करायचंय म्हणा. पण दोघांनी एकाच वेळी खोटं बोलावं, इतकी गट्टी कधी झाली?

७ एप्रिल

आता नवीनच. रोज संध्याकाळी ते तिचा हात धरून कुरणात फेरी मारतात. हात धरून! मी खिडकीतून बघते. ती बोलत असते, ते मान डोलवतात. मध्येच ती थांबते, काठी रोवते, आकडा सांगते; ते म्हणतात, "वा!" घराच्या पायरीशी आले की ती म्हणते, "उद्या तिसरा हं, बाबा," किंवा "उद्या पाचवा." आणि ते लहान मुलासारखे म्हणतात, "पाचवा, पाचवा."

मग सकाळी, कुणी उठायच्या आत, त्या कप्प्यात एकटेच जाऊन फिरतात. जो मोकळा असेल, विश्रांतीचा, त्यात. गवत चांगलं पोटरीपर्यंत आलेलं असतं. त्यावरून हात फिरवत चालतात. मी दूध काढताना गोठ्यातून बघते. आधी सकाळी पहिली हाक मला असायची.

मधल्या वाटेने धाकटीने खांबाखांबाला दोरी बांधली आहे, कमरेएवढ्या उंचीवर, आणि प्रत्येक फाटकापाशी दोरीला गाठी. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. तारेचं कुंपण असताना ही दोरी कशाला, विचारलं. "असू द्या ताई, कामाला येते." काय कामाला येते? फाटकं मोजता येत नाहीत का कुणाला? उंटावरची शहाणी.

१३ एप्रिल

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं, पण वही माझी आहे.

सासरे ओसरीवर बसले होते. मी पावलं न वाजवता चहा घेऊन गेले, कारण नव्या सपाता घातल्या होत्या. पेला पुढे केला. ते हसले, अगदी मनापासून, आणि म्हणाले, "ये धाकटे. तुझीच वाट बघत होतो."

मी समोर उभी. हातभर अंतरावर.  त्यांनी पेला घेतला, थोडा चहा खाली सांडला, त्याकडे लक्ष नाही. मी आत आले आणि पिठाच्या डब्यामागे उभी राहून रडले. मी समोर असले तरी त्यांना तीच दिसते. माणूस इतकं कुणाच्या आहारी जातं का?

सपाता काढून ठेवल्या. चावतात.

२१ एप्रिल

पहाटे भुरी घोडी व्याली. उजाडता उजाडता शिंगरू उभं राहिलं, चारी पाय चार दिशांना. दर वेळी सासरे गोठ्याच्या दारातून एक नजर टाकून सगळं सांगतात: पायाला पांढरं कुठे, भोवरा कुठे, चालेल कसं. मी त्यांना बोलवायला धावले, पण धाकटी आधीच त्यांना घेऊन येत होती. दारात ती त्यांच्या कानाशी लागली. मग ते मोठ्याने म्हणाले, "कपाळावर टिकली, मागचा डावा पाय पांढरा. आईवर गेलंय!"

सगळे खूश. मी नाही. मी सांगायच्या आत हिने सांगून टाकलं. तेवढाही मान माझ्यासाठी ठेवला नाही.

२९ एप्रिल

खरं लिहायचं तर कुरण सुरेख झालं आहे.

पहिल्या कप्प्यात घोडे चरून गेले की मागोमाग ती गाई सोडते. घोडे ज्या जागी लीद टाकतात तिथलं गवत तोंडात घेत नाहीत, पण गाई ते खातात. घोड्यांच्या पोटातले जंत गाईंना लागत नाहीत, त्यामुळे दोघांचंही भलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्याकडच्या टकलावर तिने बी पेरलं, तिथे पोपटी लव आली आहे. मध्ये मध्ये तीन पानांचं ते ठेंगणं रोप, पांढऱ्या फुलांचं, त्याच्यावर मधमाश्या. आमचा लंगडा काळा घोडा, ज्याच्या बरगड्या मोजता यायच्या, त्याच्या पाठीवर आता पाणी ओतलं तर ठरेल.

मी आज एकटीच चौथ्या कप्प्यात उभी राहिले. वारा आला की सगळं गवत एका बाजूला झुकायचं, परत उठायचं. इतकं चांगलं माझ्या हातून कधीच झालं नव्हतं. ते बघून आनंद व्हायला हवा होता. मी मूठभर गवत उपटून फेकलं. लाज वाटते लिहायला, पण असंच झालं.

३ मे

आज पाहुणे आले. आसपासचे सात-आठ गोठेवाले आणि जनावरांचा तो लठ्ठ डॉक्टर. धाकटीचं कुरण बघायला. "धाकटीचं कुरण" हे त्यांचेच शब्द. मी चहा केला.

ओसरीवर बसून डॉक्टर म्हणाला, "आधी काय अवस्था होती हो याची! मी म्हणायचो, इथे जनावरं चरतात की माती चाटतात?" सगळे हसले. सासरेही हसले. म्हणाले, "हे सगळं या पोरीच्या डोक्यातून. आम्ही आपले जुनी खोडं." मी चहाचा ट्रे धरून दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्या तोंडाकडे, आणि तसंच हसत राहिले. थांबले नाहीत.

एकोणीस वर्षं म्हणजे माती चाटणं.

पाहुणे गेले. चारच्या सुमारास धाकटी आणि दीर तिच्या माहेरी निघाले, उद्या सकाळी येताना कुंपणाचे खांब घेऊन येणार. जाताना तिने सगळ्या फाटकांच्या कड्या ओढून बघितल्या, मग ओसरीशी येऊन म्हणाली, "बाबा, उद्या चौथा." हे नाल मारायला गेलेले. घरात मी आणि सासरे.

साडेपाचला मी झटक्याचं बटण बंद केलं, दुसऱ्या कप्प्याचं फाटक उघडलं, चौथ्याचं उघडलं, आणि घोड्यांना हाकललं. चौथ्याची विश्रांती अजून बारा दिवस बाकी होती. तिच्या वहीत तसं लिहिलेलं आहे, लाल शाईत, अधोरेखित. घोडे आत गेले आणि माना खाली घालून सुटले. खातानाचा तो कराकरा आवाज. मी ऐकत उभी राहिले. मग दुसऱ्याचं फाटक लावलं, चौथ्याचं लावलं, कडी मात्र अर्धवट ठेवली. कुणी विचारलं तर म्हणता यावं, कडी नीट लागली नव्हती, जनावरांनी ढकललं असेल.

उद्या येऊन बघू दे म्हणावं, डोक्यातून काय काय निघतं ते.

४ मे

दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे. वही पिशवीत कशी आली आठवत नाही.

सकाळी सहाला मी गोठ्यात दूध काढत होते. भुरी खिंकाळली. साधं खिंकाळणं नव्हे. पाठोपाठ माणसाचा आवाज. बादली तिथेच टाकून धावले.

सासरे चौथ्या कप्प्यात पडले होते, एका कुशीवर. गवत तिथे अजून उंच होतं, त्यात शिंगरू झोपलेलं. त्याच्या अंगाला त्यांचा हात लागला असणार. भुरीने लाथ घातली. मी पोचले तेव्हा ती शिंगराला पोटाशी घेऊन कान मागे पाडून उभी होती. तिला ओरडून मागे सारलं. त्यांच्या तोंडाशी वाकले.

"कोण आहे?" ते म्हणाले. माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभरही नव्हतं. "कोण आहे? इथे घोडे कसे?"

मी म्हटलं, "मी आहे, बाबा."

"मोठे," ते म्हणाले आणि माझ्या मनगटाला धरलं. "मोठे, इथे घोडे कसे गं?"

५ मे

खुब्याचं हाड मोडलं आहे, दोन बरगड्या. शस्त्रक्रिया झाली. जीवाला धोका नाही म्हणतात.

दुपारी तरुण डॉक्टरीण बाई बाहेर आली आणि मला विचारलं, "यांना किती दिवसांपासून दिसत नाही?"

मी म्हटलं, "कुणाला?"

"तुमच्या सासऱ्यांना. काचबिंदू आहे ना? डोळ्यांचे थेंब कोणते चालू आहेत?"

 माझ्या मागे धाकटी उभी होती. तिने पर्समधून एक लहानशी बाटली काढली आणि डॉक्टरीण बाईच्या हातात दिली. "दिवसातून दोनदा," ती म्हणाली. "दोन एप्रिलपासून. डावा पूर्ण गेलाय. उजव्याने अगदी समोरचं, अंधुक. नळीतून बघितल्यासारखं."

दोन एप्रिल. हात हलवत परत आले तो दिवस.

बाकावर बसले. मग एकेक गोष्ट आठवत गेली. दोरी. गाठी. हात धरणं. किल्ली. "ये धाकटे." सगळं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच अक्षरात या वहीत लिहिलेलं. मागची पानं उलटायचं धाडस होत नाही.

संध्याकाळी दीर धाकटीवर ओरडला, सगळ्यांसमोर, दवाखान्याच्या जिन्यात. "शेवटची फाटकं तू लावलीस ना? एक कडी लावता येत नाही तुला?" ती म्हणाली, "लावली होती असं वाटतंय." मग थोड्या वेळाने, खाली बघत, "नसेल लागली. माझ्याकडूनच राहिली असेल."

मी तिथेच होते. हातात पाण्याची बाटली होती. तिचं झाकण उघडत आणि लावत राहिले.

६ मे

बोलले नाही.

८ मे

आजही नाही. पण आज धाकटीला विचारलं. दवाखान्याच्या धावपळीत घोडे तिथेच राहिले होते; आम्ही दोघी त्यांना चौथ्या कप्प्यातून बाहेर काढत होतो. भुरी आता शेळीसारखी गरीब. गवताची पार दैना झालेली, जागोजागी मुळापर्यंत कुरतडलेलं आणि खुरांनी उकरलेलं. धाकटीने काठी आणलीच नव्हती.

मी म्हटलं, "तुला सांगितलं त्यांनी. मला नाही."

"मला कुठे सांगितलं, ताई? मी पकडलं. माझी आजी अशीच गेली होती, कडेकडेने. माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागलं की मला कळतं." भुरीच्या मानेवर हात ठेवून ती बोलत होती. "मी म्हटलं, डॉक्टरकडे चला, नाहीतर सगळ्यांना सांगते. आले. पण शपथ घातली, मोठीला कळता कामा नये."

"का?"

"ते मला नाही माहीत. तुम्हीच विचारा."

मी एकोणीस वर्षं त्यांच्याबरोबर, आणि चौकटीला घासणारा खांदा दिसला तो सात महिन्यांच्या सुनेला. मी चौकटीकडे बघतच नव्हते. मी तिच्याकडे बघत होते.

९ मे

सांगितलं.

ते उशांना टेकून बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची इतकी जवळ ओढली की पलंगाला लागली. म्हटलं, "बाबा, फाटक मी उघडलं. धाकटीने कडी लावली होती. मी मुद्दाम घोडे सोडले."

 बाहेर कुणीतरी भांड्यांची गाडी ढकलत नेत होतं, ती लांब जाईपर्यंत त्यांनी कान तिकडे ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, निघ इथून.

"किती वाजता सोडलेस?"

"साडेपाचला."

"म्हणजे रात्रभर खाल्लं." ते खोकले, बरगडी दुखली असावी, डोळे मिटले. "सगळे नऊ?"

"नऊ. आणि शिंगरू."

"गेला म्हणायचा चौथा."

मला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही एकदम येऊन भलताच आवाज निघाला. ते म्हणाले, "रडू नकोस. मला राग आलाय. हाड मोडलंय माझं, राग नको यायला? पण आता नाही भांडत. दम लागतो."

मग मी ते विचारलं. मला का नाही सांगितलंत?

ते बराच वेळ चादरीच्या किनारीवर बोट फिरवत राहिले. "तुला गवत बघायला कुणी शिकवलं? मी. तुलाच कसं सांगू, मला दिसत नाही म्हणून?" आणि मग जरा रागानेच, "तू दिवसातून दहा वेळा म्हणायचीस, बाबा, हे बघा बरं. बाबा, ते बघा बरं. मी वाकायचो. काय बघणार? हिरवं काय नि पिवळं काय! दोन वर्षं मी अंदाजाने सांगत होतो, आणि तू ऐकत होतीस. म्हणून तर कुरणाचं वाटोळं झालं. तुझी चूक नव्हती ती. धाकटी बघा म्हणत नाही. ती सांगते. किती बोटं, कुठला रंग, सगळं सांगते. म्हणून काम तिला दिलं. तुला खाली बघायला लावायचं म्हणून नव्हे."

"मग पाहुण्यांसमोर तरी..."

"पाहुण्यांसमोर काय?"

"काही नाही," मी म्हटलं. त्या दिवशी ते माझ्या तोंडाकडे सरळ बघून हसले होते. त्यांना दारात फक्त उजेड दिसला असेल.

१० मे

घरी सगळ्यांना सांगितलं. सकाळी, सगळे चहाला बसले असताना, म्हणजे पळता येऊ नये. मला स्वतःला.

दीर उठून गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, आई गेल्यापासून मी तुम्हाला..." वाक्य पुरं केलं नाही. हे कपात बघत राहिले.

धाकटी मात्र बसूनच होती. दुधाची बादली पुसत होती, ती पुसून कोरडी झाली तरी पुसतच होती. मग म्हणाली, अगदी हळू:

"मी पाच दिवस झोपले नाही, ताई. मला माझा हात कडीवर आठवत होता. थंड लागली होती ती कडी. तरी सगळे म्हणाले म्हणून मी मानलं, नसेल लावली. तुम्ही बाबांना पाडलंत ते मुद्दाम नव्हतं, कळतं मला. पण जिन्यात तुम्ही उभ्या होतात."

बादली जागेवर ठेवली आणि गेली.  

१८ मे

आठ दिवस बोलत नाही. वाढलेलं खाते, ताट उचलते, मान हलवते. मी मुद्दाम पावलं वाजवत चालते, ती मुद्दाम ऐकत नाही. बरोबर आहे तिचं.

आज गोठ्याच्या दारावर नवा कागद. कुणी काय करायचं त्याची यादी, तिच्या टोकदार अक्षरात. सगळ्यात खाली: "चौथा कप्पा – ताई."

एवढंच. मी तो कागद पाच वेळा वाचला.

२६ मे

चौथ्यावर काम चालू आहे. लीद उचलून गाडीभर बाहेर काढली. दाताळ्याने माती खरवडून सैल केली. जिथे खुरांनी दाबून दगड केला आहे तिथे माझे गुडघे खरोखरच दुखले, यांना सांगणार नाही. बी पेरलं, हलक्या हाताने माती लोटली, वर पायाने दाबत गेले. काम चालू असताना वाटलं, एवढं नीट मी आधी कधी केलं होतं? आधी मी करायचे आणि मान वर करून बघायचे, कुणी बघतंय का.

पाणी सकाळ-संध्याकाळ. पाऊस नाही, म्हणून विहिरीवरून लांब नळी ओढून आणते.

४ जून

सासरे घरी आले. चार पायांचा आधार घेऊन चालतात, घोड्यासारखे. हे मी नाही, तेच म्हणाले. घरातले सगळे हसले. धाकटीसुद्धा, आणि हसता हसता तिची नजर माझ्याकडे आली, मग तिने ती आवरली.

१५ जून

धाकटी पहिल्यांदा बोलली. ओरडली, खरं तर.

चौथ्यात गवत चार बोटं आलं आहे. ती काठी घेऊन आली, मोजलं, म्हणाली, "इथे बी दाट पडलंय. मुठीने पेरलंत का? हे एकमेकांना मारणार." मी म्हटलं, "दाट असलं तर तण येत नाही." "कुणी सांगितलं?" "एकोणीस वर्षांनी सांगितलं." "त्या एकोणीस वर्षांत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय!"

दोघी थांबलो. ती लाल झाली. मलाही झोंबलं, नाही कशाला म्हणू? पण या बाईशी इतक्या दिवसांत मी प्रथमच भांडत होते, समोरासमोर, आणि भांडण गवताबद्दल होतं. मी म्हटलं, "बरं. कुठलं उपटू, सांग."

ती वाकली आणि दाखवायला लागली. तासभर उपटलं. उन्हात. शेवटी उठताना तिने हात पुढे केला नाही, पण माझी पाण्याची बाटली तिच्याजवळ होती, ती दिली.

वारा सुटला की घोडे वायव्येच्या कोपऱ्यात, भिंतीआड उभे राहतात, हे मी तिला सांगितलं. तिने वही काढली.

२ जुलै

चौथा कप्पा कधी उघडायचा यावरून वाद. ती म्हणते आठवडाभरात, मी म्हणते अजून पंधरा दिवस, मुळं धरली नाहीत. मूठभर गवत धरून ओढून दाखवलं, सगळं मुळासकट हातात आलं. तिने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि वहीत आठ तारखेवर काट मारली. सासरे ओसरीवरून ओरडले, "कोण जिंकलं?" 

९ जुलै

आज सासरे पहिल्यांदा मधल्या वाटेवर चालले. पायरीशी येऊन आधार बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. मी जवळच होते, दोन पावलांवर. धाकटी गोठ्यात होती.

"धाकटे," त्यांनी हाक मारली.

माझी पावलं त्यांनी ऐकली होती. मी जवळ आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी. ती आली, त्यांनी तिचा दंड धरला आणि दोघं निघाले. ती सांगत होती, पहिला दोन वीत, दुसरा चार बोटं, ओढ्याकडे पांढरी फुलं. ते म्हणत होते, "वा!"

बघत राहिले. आतून जळलं. तस्संच, जुनंच. मी काही संत झालेले नाही.

ते तिसऱ्या फाटकाशी पोचायला आले आणि माझ्या लक्षात आलं. पावसाने ओढ दिली म्हणून सकाळी चौथ्याला पाणी दिलं, आणि नळी मी वाटेवरच सोडली होती. गवतात, आडवी. तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे, त्यांचं कशाकडेच नाही.

"धाकटे, थांब!" मी ओरडले. "नळी आहे वाटेत!"

दोघं जागच्या जागी थांबले. मी धावत गेले, गुडघे कुरकुरले, नळी ओढून कुंपणापलीकडे टाकली. श्वास लागला होता.  मग सासरे म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं, जा." आणि ते पुढे गेले, तिचा दंड धरून, चौथ्याच्या दिशेने.

मी मागे राहिले. नळीचं वेटोळं केलं, खांद्यावर घेतला आणि विहिरीकडे निघाले.